गिरणीच्या आवाजाखाली

मी जन्माची भित्री. घरातून निघताना गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणारी, एसटीत बसल्यावर पर्स चाचपणारी, आणि शाळेच्या कपाटाला कुलूप लावलं की ते ओढून ओढून त्याचा जीव घेणारी. माझा दादा म्हणतो, हिच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा ही नवऱ्याकडे बघत नव्हती, मंगळसूत्राच्या डबीवर नजर ठेवून होती. अशा बाईच्या हातात आईचा आवाज पडला. एका फाईलमध्ये, एकुलता एक, आणि तोही भाताच्या गिरणीच्या घरघरीत बुडालेला.

आमचा पाडा मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे. आई तिथली धवळारीण. लग्नात धवळे गाते ती धवळारीण. आमच्याकडे तिनं गायल्याशिवाय मांडवाची मेढ उभी राहत नाही, नवरीला हळद लागत नाही, आणि पाठवणीही होत नाही. भटजी आले तरी एका बाजूला चहा पीत तिचं गाणं संपायची वाट बघतात. कुठल्या विधीला कुठला धवळा, त्यात किती कडवी, कुठे कोणत्या देवाचं नाव घ्यायचं, हे सगळं आईच्या डोक्यात. ती अक्षर शिकलेली नाही. सासूच्या मागे बसून ऐकत ऐकत तिनं ते उचललं होतं.

हे पुढे लेकीनं घ्यायचं किंवा सुनेनं. लेक म्हणजे मी. मी डी.एड. झाले, शेणव्याजवळच्या शाळेत लागले, शहापूरला खोली घेतली. मला गाता येत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. डी.एड.च्या मैत्रिणींसमोर आई सूप घेऊन मांडवात बसलेली आठवली तरी मी विषय बदलायची. मग दादाचं लग्न झालं, वहिनी आली. तिचा गळा चांगला, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. आई म्हणायची, "शिकशील गो. काय घाई हाय?"

घाई होती. त्या भाद्रपदात आईचा आवाज बसला तो उठेचना. आम्ही आधी सर्दी समजलो, मग उन्हाळ्यातली लग्नं बाधली म्हणालो. ती चाळीस वर्षं मिशरी लावतेय याचा उच्चार कुणी केला नाही. शेवटी मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं, घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. श्वास मानेला केलेल्या भोकातून घ्यावा लागेल. आईनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मंग धवळे?" डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली बघितलं.

ऑपरेशनला पंधरा दिवस होते. मी रजा टाकून घरी गेले. करोनात मुलांना कविता म्हणून पाठवायचे, त्यामुळे फोनवर रेकॉर्डिंग कसं करतात एवढं मला ठाऊक होतं. पडवीत धान्य मोजायची पायली उलटी घातली, तिच्यावर टॉवेलाची घडी, घडीवर फोन. समोर आई, तिच्या पुढ्यात सुपात तांदूळ. धवळे गाताना सूप लागतंच. ती ते तांदूळ हळूहळू घोळवत राहते, गाणं संपेपर्यंत. लहानपणापासून बघितलेलं, म्हणून मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

आमच्या भिंतीला लागून भाताची गिरणी आहे. दोन दिवस वीज नव्हती, ती त्या सकाळी आली होती, आणि गिरणीपुढे पोत्यांची रांग. घरघर सुरू झाली तशी मी उठले. म्हटलं, तासभर थांबायला सांगते. आईनं माझा पदर धरला.

"चालू दे गो गिरण. लोकांची भातं पडलीत."

"आये, सगळा आवाज यात येईल."

"येउं दे."

मी चिडले. तुझं मेलं नेहमीचंच, जगाची सोय आधी, असं काहीतरी बोलले. तिनं फोनकडे बोट केलं. मी बटण दाबलं, तिनं आधी सूप हलवायला घेतलं आणि मग गायला लागली. आवाज चिरत होता, मध्येच हवेसारखा विरून जात होता. ती थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा धरायची. दुपार टळेपर्यंत तिनं सगळं गायलं, मांडवापासून पाठवणीपर्यंत. मी मात्र सारा वेळ फोनच्या बॅटरीकडे आणि पुढे सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत बसले होते. ते बंद पडेल या भीतीनं माझ्या आईचं शेवटचं गाणं मी पाहिलंच नाही. आज लिहितानासुद्धा हे मला सहन होत नाही.

गाणं संपल्यावर तिनं तोंड पुसलं. "झालं," म्हणाली. "आता काप म्हनावं."

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली ती मानेवर ओलं फडकं बांधून. तिला धुळीपासून जपायचं होतं. चूल बंद, झाडलोट बंद, सूप तर माळ्यावरच गेलं. हाक मारायला ती टाळी वाजवायला लागली. एक टाळी वहिनीला, दोन दादाला. मी शहापूरला, म्हणून माझ्यासाठी फोनच्या काचेवर नखानं टकटक. रोज संध्याकाळी दादा फोन लावून तिच्या हातात द्यायचा, टकटक यायची, आणि मी एकटीच बोलत राहायची. मी खूप बोलायची. गप्प बसले की पलीकडून तिचा श्वास ऐकू यायचा, आणि त्या श्वासाला मी घाबरायचे.

फाल्गुनात शेजारच्या मुलीच्या लग्नाची तारीख निघाली. तिच्या साखरपुड्यात, आवाज बसायच्या आधी, आईनं शब्द दिला होता, हळदीला मीच गाईन म्हणून. मुलीचा बाप येऊन ओट्यावर बसला. बिचाऱ्याला कसं बोलावं ते सुचेना. "काकी, तुमी नाय तर मंग बाहेरून कोन आनू का? तुमी सांगाल तसा." आईनं दोन्ही हात हलवून नाय नाय केलं आणि वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनी दारामागे सरकली. दीड महिना होता. शिकवणारीला वाचा नव्हती. होती ती फक्त माझ्या फोनमधली फाईल.

ती फाईल मी तोवर उघडली नव्हती, उघडायची हिंमत झाली नव्हती. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी कानाला हेडफोन लावले. घरघर, घरघर, घरघर. तिच्या आत कुठेतरी आई. शब्द अर्धे कळत होते, अर्धे दाण्यासारखे भरडून निघत होते.  यातून वहिनी काय शिकणार होती?

तेव्हापासून मी आवाज साफ करणारी सॉफ्टवेअरं शोधायला लागले. या जगात किती माणसांना किती गोंगाट नकोसा झालाय, ते मला तेव्हा कळलं. एक वेबसाइट म्हणे, फाईल आमच्याकडे चढवा, बाकी आमच्यावर सोडा. महिन्याला थोडी मिनिटं फुकट. चढवायच्या आधीच मला घाम फुटला. आईचा आवाज कुठल्या परक्या मशीनवर जाणार, तिथून परत आलाच नाही तर? नवऱ्यानं समजावलं, अगं, तो पाठवला तरी तुझ्याकडेही राहतोच. मग पहिली दहा मिनिटं कापून चढवली.

फाईल परत आली. गिरणी अगदी गेलेली. आईला पाणी देताना मी म्हटलेली दोन वाक्यं बातम्या देणाऱ्या बाईसारखी खणखणीत. पण धवळ्यात आईनं पहिला सूर लांबवला तिथेच तिचा आवाज विझला. जरा वेळानं पुन्हा उगवला, पुन्हा विझला. जिथे जिथे ती सूर धरून ठेवत होती तिथे मशीन तिला पुसत होतं. मी हेडफोन काढून फेकले. आधी डॉक्टरांनी काढला, आता हेही काढतायत, असंच मनात आलं.

शहापूरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस आहे. माझा लॅपटॉप त्याच्याच हातचा, जुना घेतलेला. त्यानं ऐकून मान हलवली. "मॅडम, ही मशीनं बोलणाऱ्या माणसांसाठी बनवतात. लांबलचक सूर आला की त्यांना तो पंख्याचा आवाज वाटतो." मग त्यानं पर्याय सांगितले. एक सॉफ्टवेअर स्टुडिओवाल्यांचं, सगळ्यांत चांगलं, किंमत माझ्या पगाराच्या निम्मी. एक महिन्याच्या भाड्याचं, पैसे थांबवले की बंद. त्याचं ट्रायल मी घरी करून बघितलं, तर ते दर थोड्या सेकंदांनी मध्ये टूं करून वाजायचं. आईच्या धवळ्यात देवाचं नाव आलं की टूं. मी हसले आणि मग रडले, आणि मुलगा म्हणाला, आई तू नक्की काय करतेयस?

तिसरं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट होतं. जुनाट दिसणारं, इंग्रजी बटणांनी भरलेलं. त्यात मशीन स्वतः काही ठरवत नाही. आपण रेकॉर्डिंगमधली अशी जागा निवडायची जिथे माणूस गप्प आहे आणि फक्त गोंगाट आहे. तो तुकडा दाखवून सांगायचं, हा गोंगाट. मग ते तसला आवाज सगळीकडून वेचून काढतं. दुकानदार म्हणाला, "गरिबासाठी हेच बरं. फक्त मूळ फाईलला हात लावू नका. प्रत काढून तिच्यावर काम करा." मी मान डोलावली. मला सांगायला नको, भाऊ, मी कुलूप तीनदा ओढणारी बाई आहे.

तीन आठवडे मी रोज शाळा सुटल्यावर वर्गात बसले. गप्प जागा मला लगेच सापडली होती. अगदी सुरुवातीची बारा-तेरा सेकंदं, मी बटण दाबल्यापासून आई गायला लागेपर्यंत. तोच तुकडा दाखवला. जास्त काढलं की आईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा, कमी काढलं की गिरणी उरायची. थोडं थोडं करत एक दिवस ते जमलं. गिरणी नाही, घरघर नाही. फक्त आई. चिरलेली, दमलेली, पण शब्द नि शब्द स्पष्ट. रिकाम्या वर्गात मी मोठ्यानं ओरडले, "आये!" शिपाईकाका धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

मग मी ते मोठं पाप केलं, आणि तेही भीतीपोटीच. एक खराब फाईल आणि एक साफ फाईल अशा दोन राहिल्या तर चुकून खराबच वहिनीकडे जाईल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. म्हणून साफ केलेली मी जुन्याच नावानं, जुन्याच्या जागी ठेवली. फोनमधली तर आधीच काढली होती, फोन सारखा भरलाय भरलाय म्हणून ओरडत होता. आता एकच फाईल. चूक व्हायला जागाच नाही. मी निश्चिंत झाले.

मग सगळी फाईल पहिल्यापासून शांतपणे ऐकायला बसले. मांडवाचा धवळा संपतो आणि हळदीचा सुरू होतो त्यांच्यामध्ये थोडी रिकामी जागा आहे. आई तिथे पाणी पिते असं मला वाटत होतं. तिथे पाणी पिण्याचा आवाज नव्हता. अगदी हलकं, जवळजवळ श्वासानंच म्हटलेलं काहीतरी होतं. मी मागे नेलं, आवाज वाढवला.

"देवा, माजा आवाज नको रं नेऊ. मना भ्याव वाटतं. पोरीला नको कलू देऊ."

मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. मला यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. मी बॅटरी बघत होते. आणि ती गिरणी तिनं का चालू ठेवायला लावली, ते मला त्या वर्गात, मुलांच्या छोट्या बाकावर बसून कळलं. काप म्हनावं, असं सहज सांगणाऱ्या माझ्या आईला इतकी भीती वाटत होती, आणि ती तिनं भाताच्या पोत्यांखाली दडपून ठेवली होती. मी ती उकरून काढली. तिनं सांगितलेलं एकच गाऱ्हाणं, तेही देवाला, आणि मी त्यातला आडोसाच काढून टाकला.

ती जागा कापून टाकावी असं दहादा मनात आलं. कर्सर तिथे न्यायची आणि थांबायची. गाणं सोडलं तर आईच्या स्वतःच्या बोलण्याची माझ्याकडे उरलेली हीच तीन वाक्यं होती. मला कापवेना आणि ऐकवेना.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा उरकून मी निघाले. शेणव्याहून किन्हवली, सरळगाव, पुढे धसई. सगळा रस्ताभर लॅपटॉप मांडीवर घट्ट धरून. वहिनीला फक्त मांडवाचा धवळा ऐकवायचा, ती जागा यायच्या आधी बंद करायचं, असं मी ठरवलं होतं. दुसरी भीती आईची. ऑपरेशननंतर तिनं स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. तिला काय होईल?

पडवीत स्पीकर लावला. आई भिंतीला टेकून बसली, वहिनी तिच्याजवळ. आईचा आवाज घरात भरला तसा दादा उठून मागच्या दारी गेला. आई निश्चल बसली होती. डोळे मिटलेले. तिचा उजवा हात मांडीवर हलायला लागला, मागे-पुढे, मागे-पुढे. मला बरं वाटलं. वहिनी सोबत म्हणू लागली. पहिलं कडवं जमलं. दुसऱ्याला ती आधीच सुरू झाली, तिसऱ्याला मागे राहिली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. चार वेळा झालं.

"वन्सं, आय कदी थांबते नी कदी उचलते ता मना कलतच नाय. मदी नुसतं रिकामं रिकामं लागतं."

आईनं डोळे उघडले. ती माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं टाळी वाजवली, एक, दोन, तीन, चिडल्यासारखी, आणि दोन्ही हात पुढे धरून हलवले. मला कळेना. तिनं पुन्हा हलवले, मग माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं आणि पंजा उलटा केला, कुठाय म्हणून.

वहिनीनं ओळखलं. "सूप," ती म्हणाली. "वन्सं, सुपाचा आवाज कुटं गेला?"

 ती बारा-तेरा सेकंदं. आई तेव्हा गप्प होती, पण तिचे हात गप्प नव्हते. धवळा धरायच्या आधी ती सूप धरते. तांदूळ एकदा घोळून खाली आले की एक ओळ, दोनदा झाडले की कडवं फिरलं, असं ते सगळं सुपावर चालतं. मी तोच तुकडा मशीनला दाखवून सांगितलं होतं, हा गोंगाट. त्यानं इमानेइतबारे सगळ्या रेकॉर्डिंगमधून सूप वेचून काढलं होतं. आईच्या घरात वाढलेल्या लेकीला सूप गोंगाट वाटलं, मशीनला काय बोलायचं?

"जुनी लाव," दादा मागून म्हणाला. "गिरणीवाली. तीच बरी."

मी लॅपटॉप मिटला. मग सगळं सांगितलं. एकच फाईल आहे. जुनी मीच पुसली. माझ्या हातानं. दादानं स्पीकर बंद केला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मला इतकी भीती वाटली की मी तिच्या पायाला हात लावून बसले, लहानपणी काचेची बरणी फोडली होती तेव्हा बसले होते तशी.

आईनं माझा हात बाजूला केला आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

दादा ठाम नाही म्हणाला. सुपातला कोंडा भोकात गेला तर? खोकला लागला, श्वास अडकला तर धसईपर्यंत तरी पोचू का आपण? डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरलात का? मी त्याच्याच बाजूची होते. मला आईच्या मानेतलं ते भोक बंद होताना दिसत होतं. आई ऐकेना. टाळ्या वाजवत राहिली, अगदी हात लाल होईपर्यंत.

शेवटी कधी न बोलणारी वहिनी बोलली. "तांदूल धुते मी. धुतल्यावर कोंडा कुटला राहाला?"

तिनं त्या संध्याकाळी तांदूळ तीन पाण्यांतून धुतले, सूपही पुसून काढलं. सकाळी चैत्राच्या उन्हात धोतरावर पसरले आणि वर दुसरं धोतर टाकलं. दुपारपर्यंत दाणे वाळून कडकडीत झाले. वहिनीनं ते मुठीत घेऊन फुंकले, हाताला काही लागतंय का बघितलं, आणि मग आईच्या मानेवर नवं ओलं फडकं दुहेरी करून बांधलं. दादा रिक्षावाल्याला सांगून आला होता, गाडी दारातच ठेव म्हणून. गिरणी चालू होती. या वेळी मी काही बोलले नाही. फोन पुन्हा पायलीवर ठेवला.

आईनं सूप हलवायला घेतलं. मी स्पीकर लावला. आईचा आवाज स्पीकरमधून, आईचं सूप समोर, आणि मधोमध वहिनी. पहिल्याच कडव्याला वहिनीची मान आपोआप डोलली. तांदूळ दोनदा झाडले गेले, तिनं कडवं फिरवलं, बरोब्बर. मी आईच्या मानेकडे बघत होते. फडकं आत-बाहेर होत होतं. नीट होत होतं. मी त्याच्याकडेच बघत राहिले, आणि मांडवाचा धवळा कधी संपला ते मला कळलंच नाही.

"देवा, माजा आवाज नको रं नेऊ," स्पीकर म्हणाला.

मी बटणाकडे झेपावले, पण घाईत भलतंच दाबलं गेलं. आवाज वाढला. "मना भ्याव वाटतं. पोरीला नको कलू देऊ." अख्ख्या पडवीत ऐकू गेलं. वहिनीनं ऐकलं, दारातल्या दादानं ऐकलं.

आईचे हात थांबले नाहीत. तांदूळ घोळत राहिले. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ती विचारतेय, तुला आधीच ठाऊक होतं ना?

"मलाबी भ्याव वाटतं, आये," मी म्हटलं. "तवापासून वाटतं. रोज वाटतं." जन्मात पहिल्यांदा मी तिला हे सांगितलं. इतकी वर्षं मी गॅस आणि कुलपं तपासत होते, पण भीती वाटते असं कुणाला म्हटलं नव्हतं. आईनं मान हलवली, हळू, दोनदा. मग हळदीचा धवळा सुरू झाला आणि वहिनीनं तो उचलला.

ते दुसरं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात स्पीकरची खरखर आहे, गिरणी आहे, कोंबड्या आहेत, दारातल्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा आहे. मी ते साफ करायला गेले नाही. तीन ठिकाणी त्याच्या प्रती ठेवल्यात, आणि हो, तीनदा तपासल्यात. वहिनी लग्नापर्यंत रोज तेच लावून भाकऱ्या थापत होती.

लग्नाच्या दिवशी गिरणी बंद होती, गिरणीवालाही मांडवात होता. वहिनी नवरीसमोर बसली तेव्हा पदराचं टोक पुन्हा पुन्हा पिळत होती. तिच्या शेजारी आई, मानेवर ओलं फडकं, पुढ्यात धुतलेल्या तांदळाचं सूप. आईनं सूप हलवलं आणि वहिनी गायला लागली. आवाज बारीक होता, पण चुकला नाही. एकदा ती अडली. आई तांदूळ घोळवत राहिली, तिला कडवं सापडेपर्यंत, कसलीही घाई न करता. बायकांना वाटलं, हे असंच असतं.

मांडवाचा धवळा संपला. हळदीचा लगेच धरायचा असतो, पण वहिनी थांबली. रेकॉर्डिंगमध्ये तिथे आई थांबली होती तेवढीच. ती तसंच शिकली होती. सगळा मांडव गप्प झाला. हळदीची वाटी घेऊन उभ्या असलेल्या करवल्या तशाच उभ्या राहिल्या. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. फक्त सुपात तांदूळ फिरत होते, आणि दादा, वहिनी आणि मी एकमेकांकडे न बघता आपापल्या जागी होतो.

त्या जागी आईचे ओठ हलले. तीन वाक्यं होतील एवढा वेळ हलले. मी तिच्यापासून दोन हातांवर होते, गिरणी बंद होती, आणि या वेळी मी तिच्याकडेच बघत होते. तरी ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.